माझी आई गोरी कशी झाली

सर्व संबंधितांना, तसेच या प्रकरणाशी ज्यांचा काडीचाही संबंध नाही अशा समस्त पुणेकरांना, अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते की माझी आई एका शुक्रवारी दुपारी, चहाच्या सुट्टीत, गोरी झाली. कोणतंही क्रीम न लावता. खुद्द आईला याची कल्पना नव्हती. त्या वेळी ती पुण्याबाहेर मांजरी गावाला, उसाच्या रोपांच्या मळ्यात, उन्हात खुरपत होती.

मी चहा पिऊन जिना चढून वर आलो. ॲनिमेशनच्या कोर्सच्या लॅबच्या दाराशी चपला काढल्या. त्या काळी कॉम्प्युटरच्या खोलीत चपला घालून जायचं नाही असा नियम होता. धुळीने मशीन बिघडतं म्हणे. माझ्या आजोबांना गावात देवळाच्या पायरीच्या अलीकडे थांबवत. मला फक्त चपला बाहेर ठेवायला सांगत होते. एवढी प्रगती झाली होती.

आत गेलो तर माझ्या खुर्चीत सर बसलेले. मागे वर्गातली पोरं कोंडाळं करून उभी. आणि पडद्यावर, बसस्टॉपवर, माझी आई उभी.

गुलाबी.

साबणाच्या वेष्टनावर बाळ असतं ना, तशी. कपाळ गुलाबी, हात गुलाबी, पाय गुलाबी. पायाला मी काळा चिखल लावला होता, तोही गेलेला. सरांनी तिचे पाय धुऊन दिले होते.

मान न वळवता सर म्हणाले, "ये. बघ आता. कशी प्रसन्न वाटतेय."

मी म्हणालो, "सर, ती माझी आई आहे."

"मग चांगलंच झालं की. आई सुंदर दिसलेली कोणाला नको असते?"

कोंडाळं हसलं. त्या हसण्यात दुष्टपणा नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं.

एका चहात हे कसं झालं ते सांगायला हवं. हाताने काढलेल्या ॲनिमेशनमध्ये एका मिनिटाला शेकडो चित्रं लागतात. ती कागदावर पेन्सिलीने काढायची, स्कॅन करायची आणि मग कॉम्प्युटरवर एकेका चित्रात रंग ओतायचा. रंग ओतला की मशीन लक्षात ठेवतं, हा हात रंगपेटीतल्या अमुक खणातल्या रंगाचा. पुढे कोणाला वाटलं की हात वेगळ्या रंगाचे हवेत, तर चित्रांना शिवायचीही गरज नाही. खणातला रंग बदलायचा. सगळ्या चित्रांतले सगळे हात तिथल्या तिथे बदलतात. आमच्या धंद्यातली ही फार मोठी सोय आहे. मी सबंध उन्हाळा खपून काढलेली आई सरांनी एका बोटाने बदलली.

मी कोण, तेही सांगून टाकतो, कारण सरांनी ते पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

"कुठले?"

"बिबवेवाडी."

"ते झालं. मूळचे?"

मी गाव सांगितलं.

"आडनाव?"

मी आडनाव सांगितलं. सर म्हणाले, "अच्छा." पुण्यात या अच्छाच्या पुढे कोणी काही विचारत नाही. आदबशीर शहर आहे.

आजोबांनी दीक्षा घेतली. वडील सरकारी कचेरीत शिपाई झाले. मी वस्तीत जयंतीचे फलक आणि रिक्षांच्या नंबरप्लेटा रंगवायचो. हिंजवडीत तेव्हा शेतं बुजवून काचेच्या इमारती उठत होत्या, आणि पुण्यातल्या प्रत्येक आईबापाला वाटत होतं की त्यातल्या एका काचेमागे आपलं पोरगं बसणार. माझ्याही आईबापाला वाटलं. कोर्सच्या शेवटी प्रत्येकाने एक मिनिटाची फिल्म करायची, ती बघायला स्टुडिओची माणसं येणार, आवडली तर तिथल्या तिथे नोकरी. वडील निवृत्तीला आले होते. घरात दुसरी आशा नव्हती. मी नोकरीला लागणार हे वडिलांनी कचेरीत सांगूनही टाकलं होतं.

फिल्मची गोष्ट मी शोधली नाही, ती घरात रोज ऐकायला मिळायची. मांजरीच्या मळ्यातून सुटलेल्या बायका संध्याकाळी स्टॉपवर उभ्या राहत. बसचा ड्रायव्हर लांबूनच त्यांचे पाय बघायचा. चिखलाचे पाय दिसले की गाडी थांबवायचा नाही, सीटा खराब होतात म्हणून. स्टॉपवर एखादा इस्त्रीचा शर्ट असला तर थांबायची, आणि त्याच्या पाठोपाठ या चढायच्या. एके दिवशी इस्त्रीचा शर्ट आलाच नाही. एक बस गेली. दुसरी गेली. तिसरी लांब दिसल्यावर माझी आई रस्त्याच्या मधोमध जाऊन मांडी घालून बसली. डबा उघडला आणि दुपारची उरलेली भाकरी खायला लागली.

बस थांबली. ड्रायव्हर खिडकीतून ओरडला, "मावशे, मरायचंय का?"

आई म्हणाली, "जेवायचंय. तू जा की बाजूनं."

तोवर बाकीच्या बायका मागच्या दाराने चढून बसल्या होत्या.

हा प्रसंग आई दर पाहुण्याला सांगायची. सांगताना ड्रायव्हरही व्हायची, बसही व्हायची. फिल्मसाठी मी तिला म्हणालो, मला तुझी चाल बघायचीय, गल्लीत चालून दाखव. ती लगेच तयार. खांद्याला पिशवी, डोक्याला टॉवेल, एक गुडघा दुखरा म्हणून किंचित डावीकडे झुकलेली चाल. मी ओट्यावर बसून भराभरा रेघा मारतोय. शेजारच्या मावशींनी विचारलं, "अगं, काय हरवलं का?"

"न्हाई. पिच्चरमदी काम करतीया."

झालं. सगळी गल्ली दाराशी. आई मग हात करून नसलेली बस थांबवायला लागली. एक आजोबा काठी टेकत तिच्या मागे रांगेत येऊन उभे राहिले. त्यांना खरंच स्वारगेटला जायचं होतं.

रंगाची मात्र पंचाईत झाली. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये 'स्किन' नावाचा एक तयार खण होता. त्यात एकच रंग होता, गुलाबी. त्या कंपनीच्या मते माणसाचं कातडं एवढंच. मला आईचं कातडं हवं होतं, आणि आई काही लॅबमध्ये येऊन पडद्याशेजारी हात धरून उभी राहू शकत नव्हती. म्हणून मी चौकातल्या हार्डवेअरच्या दुकानातून ऑइलपेंटचं शेडकार्ड मागितलं. दुकानदार म्हणाला, "कशाला मारायचाय? लाकडाला का लोखंडाला?"

मी म्हणालो, "आईला."

त्याने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि कार्ड देऊन टाकलं.

घरी आईच्या हाताला एकेक चौकोन लावून बघितला तेव्हा कळलं, तिचा रंग एक नाहीच. कोपराखालचा हात उन्हाने करपून वेगळा. ब्लाउजच्या बाहीआडचा दंड वेगळा, जरा उजळ. आणि तोंडाचा तिसराच, त्यात तांबूस झाक. करपलेल्या हाताला जो चौकोन जुळला, त्यावर बोट ठेवून आई म्हणाली, "हा तर दाराचा रंग हाय. म्हंजी मी दार का?" मग स्वतःच हसत बसली. मी कार्ड लॅबमध्ये नेलं, पडद्याला टेकवलं आणि तिन्ही रंग जुळवले. खणांना नावं दिली. आई तोंड. आई दंड. आई हात. आयुष्यात इतक्या बारकाईने मी तिच्याकडे पाहिलं नव्हतं.

त्या तीन खणांच्या जागी सरांनी तो एक तयार खण आणून ठेवला.

आता तुम्ही म्हणाल, मग परत बदलायचं. बदललं की. सोमवारी सकाळी सर्वांच्या आधी येऊन तिन्ही रंग परत भरले, पायाला चिखल लावला. दुपारी सरांनी पुन्हा धुतली. मंगळवारी मी परत मळवली. जवळजवळ आठवडाभर आमच्या लॅबमध्ये ती बाई सकाळी सावळी आणि जेवणानंतर गोरी असायची. पोरं येता-जाता विचारायची, "काय रे, सकाळ का दुपार?" मला मजा येत होती. हो, येत होती. सरांना घाम फुटलेला मी एसीत पाहत होतो.

माझ्या शेजारी अद्वैत बसायचा. प्रभात रोडचा, घरी स्वतःचा कॉम्प्युटर, मनाने चांगला. स्वतःच्या डब्यातलं थालीपीठ न मागता माझ्या पुढ्यात सरकवणारा. तो म्हणाला, "जाऊ दे ना यार. कलरच आहे. तुझी आई थोडीच खरी बदलतेय?"

मी म्हणालो, "तुझी बदलू दे मग. काळी करतो."

तो हसला नाही. मीही हसलो नाही. त्यानंतर डबा सरकला नाही.

गुरुवारी सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. दार लावून घेतलं. आवाज अगदी मऊ.

"हे बघ. येणाऱ्या स्टुडिओकडे परदेशी मुलांच्या मालिका आहेत. त्यांना बघायचंय की तुला त्यांच्यासारखं काम जमतं का. आपल्याला चांगलं दिसायला हवं."

"सर, ती मळ्यातून आलेली बाई आहे."

"मळ्यातल्या बायका गोऱ्या नसतात? तू सिनेमे बघत नाहीस वाटतं." मग पेनाचं टोपण लावत ते म्हणाले, "तुमच्या लोकांचं हेच आहे. साध्या गोष्टीत अस्मिता आणता. आम्ही तुम्हाला पुढे आणायला बघतोय, आणि तुम्ही रंगावर अडून बसता."

केबिनमध्ये मी एकटा होतो. लोक कुठून आले म्हणून मी मागे वळून पाहिलं.

"वडील काय करतात?" त्यांनी विचारलं. त्यांना ठाऊक होतं. मी सांगितलं. "मग विचार कर. स्टुडिओला नावं मी सुचवणार आहे."

मी उठलो. उठण्याचा अर्थ सरांनी त्यांना हवा तो लावला. बाहेर येऊन बघतो तर माझ्या फिल्मला पासवर्ड बसलेला. माझीच आई, आणि मला आत जायला परवानगी नाही.

फिल्म दाखवायच्या दिवशी पालकांना बोलावलं होतं. वडिलांना रजा मिळाली नाही. आईने मळ्यात खाडा केला. बुद्धपौर्णिमेला नेसते ती पांढरी साडी नेसली आणि अख्ख्या गल्लीला सांगून निघाली. रस्त्यात मी चाचरत म्हणालो, "आई, फिल्ममध्ये रंग थोडे बदललेत."

"बदलंनात. टीव्हीत बी बदलत्यात."

हॉल लहान. खुर्च्यांच्या मधल्या वाटेत एका टेबलावर प्रोजेक्टर, तो चालवायला अद्वैत. पुढच्या रांगेत स्टुडिओची दोन माणसं, एक साहेब आणि एक बॉबकटवाल्या बाई. त्यांच्या मागच्याच रांगेत आई. मी कडेला, भिंतीशी.

एकेक फिल्म झाली. उडणारा कुत्रा झाला. चंद्रावरचा उंदीर झाला. टाळ्या पडत होत्या. मग बसस्टॉप आला. त्याच्यावर माझं नाव आलं. आईने ते अक्षराला अक्षर लावत मोठ्याने वाचलं, आणि दोन-चार जणांनी वळून पाहिलं.

मग गुलाबी बाई आली. स्वच्छ पायांनी, आईच्या दुखऱ्या गुडघ्याने, किंचित डावीकडे झुकून चालत. चाल आईची, कातडं भलत्याचंच. ती स्टॉपवर उभी राहिली. तिने हात केला. बस न थांबता निघून गेली. बॉबकटवाल्या बाई म्हणाल्या, "सो क्यूट."

दुसरी बस गेली. तेव्हा आई अंधारात एक वाक्य मोठ्याने बोलली. आईला हळू बोलता येत नाही. जन्म रानात गेला, तिथे शेजारच्या वाफ्यालाही हाकच मारावी लागते. ते वाक्य सगळ्या हॉलने ऐकलं. सगळा हॉल हसला. मोकळा, मनापासून. ते काय होतं ते सांगतो, पण आधी मी काय केलं ते ऐका.

मी भिंत सोडली आणि प्रोजेक्टरच्या पुढ्यात जाऊन उभा राहिलो.

फार विचार करून नाही. घरात बस थांबवायची एकच रीत मी ऐकली होती.

पडदा काळा झाला, मधे माझी सावली. फिल्म माझ्या अंगावर चालू राहिली. तिसरी बस माझ्या शर्टावरून आली. उजवा हात मी थोडा वर केला होता, डोळ्यांवर झोत येत होता म्हणून. त्या उघड्या हातावर आईचं तोंड पडलं. माझ्या कातड्यावर पडलं म्हणून सरांचा गुलाबी टिकला नाही. ती पुन्हा सावळी झाली. दाराच्या रंगाच्या जवळपास. एवढं मी डोळ्यांनी पाहिलं.

"अरे, बाजूला हो," अद्वैत पुटपुटला.

"काय तमाशा आहे?" सरांचा आवाज. केबिनमधला मऊपणा त्यात नव्हता.

मी म्हणालो, "ही फिल्म माझी नाही. माझं नाव काढा."

"लाइट लावा."

लाइट लागले. पांढऱ्या ट्यूबच्या उजेडात मी उभा होतो. शर्टावर आता काही नव्हतं. स्टुडिओचे साहेब घड्याळाकडे बघत सरांना हलकेच म्हणाले, "नेक्स्ट बघू या का?" आणि नेक्स्ट बघितलं. पुढच्या फिल्ममध्ये एक हत्ती स्केटिंग करत होता. मी आणि आई जिना उतरत असताना वर टाळ्या चालू होत्या.

इथे तुम्हाला वाटत असेल, कोणीतरी मागून धावत आलं असेल. स्टुडिओतली बाई, किंवा अद्वैत. कोणी आलं नाही. वर्गातल्या बहुतेकांना नोकऱ्या लागल्या. मला सर्टिफिकेटही मिळालं नाही. निवृत्त झाल्यावर वडील एका सोसायटीत वॉचमन म्हणून राहिले, आणि कचेरीतले जुने लोक भेटले की रस्ता बदलायचे. नाव काढा म्हणून मी संस्थेत कितीतरी खेपा घातल्या. सर मीटिंगमध्ये असायचे. ती गुलाबी बाई संस्थेच्या जाहिरातीच्या सीडीवर कितीतरी वर्षं स्टॉपवर उभी होती, माझ्या नावानिशी. माझी चित्रं, पेन्सिलीचे ते गठ्ठेच्या गठ्ठे, नवी बॅच आली तेव्हा रद्दीत गेले. मशिनं पुसली गेली. आईचे तीन रंग आता कुठेच नाहीत.

पुढे मीही हिंजवडीत काचेमागे बसलो, बऱ्याच उशिराने. दिवसभर परदेशी पोरांच्या अंगात रंग ओतायचो. परदेशी पोरं गुलाबी असतात, माझी तक्रार नाही. सकाळी कंपनीची बस बिबवेवाडीच्या कोपऱ्यावर माझ्यासाठी रोज थांबायची. गळ्यात कार्ड असलं की थांबते. हिंजवडीच्या चौकात घमेली घेतलेल्या बायका हात करायच्या, आमचा ड्रायव्हर त्यांच्या पायांकडे बघायचा, आणि मी काचेतून बघायचो.

फिल्म परत काढायला घेतली आहे. होईल असं वाटत नाही. जाड भिंगाशिवाय रेघ दिसत नाही, आणि आईला समोर बसवून काही उपयोग नाही. ती थकली. उन्हात जात नाही. हातांचं करपलेपण उतरलं, दंड आणि हात एकाच फिकट रंगाचे झाले. ते जुनं शेडकार्ड परवा तिच्या हाताला लावून पाहिलं. एकही चौकोन जुळला नाही. आई म्हणाली, "उतरला रं रंग." म्हणजे जे सरांना एका बोटाने जमलं, ते म्हातारपणाने सावकाश केलं. फिल्म झालीच तर बघणार कोण, तेही मला ठाऊक नाही. गल्लीतले ते आजोबा गेले. गल्लीही गेली, तिथे आता टॉवर आहे.

पण एक ठरलेलं आहे, आणि ते बदलत नाही. पहिलीच्या धड्यातली शेतकरीण, आरोग्याच्या जाहिरातीतली झाडूवाली, कोणीही समोर आली आणि "जरा उजळ करा" असं कोणी म्हणालं, की मी नाही म्हणतो. का, ते समजावत बसत नाही. यात दोन नोकऱ्या गेल्या. तिसरी चालू आहे, तीही जाईल. जाऊ दे. त्याने जग सुधारत नाही. माझ्यानंतर दुसरा कोणी येऊन तो खण उघडतो आणि बाई गुलाबी करतो, मला माहीत आहे. पण तो हात माझा नसेल. आणि मी ज्या खोलीत असेन त्या खोलीत आधी मी आडवा उभा राहीन, मग काय लागायचे ते लाइट लागू देत.

कारण त्या हॉलमध्ये, अंधारात, बुद्धपौर्णिमेची साडी नेसून बसलेली माझी आई, स्वच्छ पायांच्या त्या गुलाबी बाईकडे बोट करून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली होती:

"हिच्यासाठी थांबंल की बस. मी कवा येणार?"